गिटारवादक ज्योतिर्विद : सर ब्रायन मे

मुलगा हुशार निघावा, परीक्षांतून वरच्या क्रमांकाने उत्तीर्ण होऊ लागावा, आणि नेमक्या त्याच वेळी त्याला गाण्याबजावण्याचा नाद लागावा, म्हणजे त्याच्या वडिलांच्या मनाची जी स्थिती होते ती आमच्या वाचकांस वर्णन करून सांगावयास नको. एकत्र कुटुंबात तर ही चिंता एकट्या वडिलांची राहत नाही. आजोबा, काका, मामा आणि माजघरातील वडीलधारी मंडळी या सर्वांचीच ती होऊन बसते. 'नाद' हा शब्दच आपल्याकडे मोठा बोलका आहे. संस्कृतात त्याचा अर्थ ध्वनी; संगीतशास्त्रकारांनी तर त्यास ब्रह्माच्या पंक्तीस नेऊन बसविले. परंतु तोच शब्द मराठी घराच्या उंबरठ्याच्या आत आला की त्याचा अर्थ व्यसन असा होतो!

हा प्रश्न केवळ आपल्याकडचाच आहे असे मात्र नाही. इंग्लंडात एका मध्यम स्थितीतील सरकारी नोकराच्या घरी तो ज्या स्वरूपात उभा राहिला आणि पुढे त्याचा जो उलगडा झाला, ती हकीकत आम्हास इतकी बोधप्रद वाटली की ती येथे विस्ताराने सांगण्याचे आम्ही योजिले आहे. ही हकीकत 'क्वीन' या जगद्विख्यात वाद्यवृंदाचे गिटारवादक सर ब्रायन मे यांची आहे. घरातील तरुण मंडळींस हे नाव परिचित असेलच. वडील मंडळींकरिता एवढे सांगितले पाहिजे की, 'रॉक' या नावाने ओळखले जाणारे संगीत १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेत उदयास आले. तेथील कृष्णवर्णीयांच्या 'ब्लूज' नामक गीतप्रकाराचा त्यास मोठा आधार आहे, आणि विजेच्या साहाय्याने आवाज वाढविलेली गिटार हे त्याचे प्रमुख वाद्य होय. हे संगीत पुष्कळांस कर्णकर्कश वाटते. ते कोणास आवडावे असा आमचा आग्रह नाही. आम्हास येथे सांगावयाचे आहे ते एका घराविषयी, एका बापलेकाविषयी आणि छत्तीस वर्षे अपुऱ्या राहिलेल्या एका प्रबंधाविषयी.

हॅम्प्टन येथील घर

ब्रायन मे यांचा जन्म १९ जुलै १९४७ रोजी लंडनच्या नैर्ऋत्येस असलेल्या हॅम्प्टन हिल येथे झाला. हॅरल्ड व रूथ या दांपत्याचे हे एकुलते एक अपत्य. हॅरल्ड मे हे विमानवाहतुकीच्या सरकारी खात्यात यंत्रांचे आराखडे काढणारे ड्राफ्ट्समन होते. पगार बेताचा, परंतु हात मोठे कसबी. घरातील दूरचित्रवाणीचा संच त्यांनी स्वतः जोडून तयार केला होता. करमणुकीसाठी ते युकुलेली-बँजो नावाचे चार तारांचे लहानसे वाद्य वाजवीत, आणि मुलास पहिले स्वर त्यांनीच त्या वाद्यावर शिकविले. सातव्या वाढदिवशी ब्रायनला एक साधी गिटार मिळाली. ती त्याच्या मुठीस मोठी होई, म्हणून बापलेकांनी मिळून ती कोरून हाताजोगी करून घेतली. इतकेच नव्हे, तर तिला घरगुती चुंबकाची जोड देऊन तिचा आवाज यंत्रातून मोठा काढण्याचाही खटाटोप केला.

याच वयात मुलास दुसरीही एक ओढ लागली. पॅट्रिक मूर या गृहस्थांचा आकाशदर्शनाचा कार्यक्रम १९५७ पासून दूरचित्रवाणीवर सुरू झाला होता. तो पाहण्याकरिता रात्री उशिरापर्यंत जागण्याची परवानगी हा मुलगा घरी मागून घेई. पुढे बापलेकांनी एक दुर्बीणही घरीच तयार केली. आमच्या नैयायिकांनी शब्द हा आकाशाचा गुण मानिला आहे. या मुलाच्या बाबतीत शब्द व आकाश यांची गाठ शास्त्रात न पडता घरातल्या कामाच्या मेजावर पडली, असे म्हणावयास हरकत नाही.

शेकोटीच्या लाकडाची गिटार

मुलगा सोळा वर्षांचा झाला तेव्हा विजेची उत्तम गिटार आपल्याजवळ असावी असे त्यास वाटू लागले. दुकानातील अमेरिकन गिटारींची किंमत त्या घराच्या आवाक्याबाहेरची होती. तेव्हा 'विकत घेता येत नाही, तर आपणच करू' असा बापलेकांनी निश्चय केला आणि ऑगस्ट १९६३ मध्ये घरातील एका मोकळ्या खोलीत कामास आरंभ झाला. हे काम सुमारे दोन वर्षे चालले. त्यास एकंदर खर्च आला तो अवघा आठ पौंड.

या गिटारीची सामग्री ऐकण्यासारखी आहे. एका परिचिताच्या घरची जुनी शेकोटी मोडून टाकावयाची होती. तिच्या चौकटीचे शंभर वर्षांहून अधिक जुने महॉगनी लाकूड मिळाले, त्यातून गिटारीची दांडी साध्या हत्यारांनी कोरून काढली. लाकडाला किड्यांनी भोके पाडली होती. ती आगकाड्या ठोकून बुजविली. पोटासाठी जुन्या ओक लाकडाच्या मेजाचा तुकडा आणि साधे फळकूट वापरून वरून महॉगनीचा पातळ पापुद्रा चिकटविला. पडद्यांची जागा दाखविणाऱ्या खुणांकरिता आईच्या शिवणाच्या डब्यातील शिंपल्याच्या गुंड्या कामी आल्या.

परंतु खरी करामत होती ती स्वर हलविणाऱ्या दांड्याची. विजेच्या गिटारीला घोडीजवळ एक लहान दांडा बसवितात; तो दाबला की सर्व तारा किंचित सैल होऊन स्वर खाली येतो व सोडला की पूर्ववत होतो. आपल्या सतारीवर मिंडीने जे काम होते त्याचीच ही एक यांत्रिक बहीण म्हणा. अडचण अशी की, घर्षणामुळे तारा मूळ जागी नेमक्या परत येत नाहीत आणि वाद्य बेसूर होते. बाजारातील पुष्कळ गिटारींत त्या काळी हा दोष असे. या बापलेकांनी निरनिराळे नमुने करून पाहिले. अखेरीस कडक केलेल्या पोलादी पात्याच्या धारेवर तो सारा भाग तराजूच्या दांडीप्रमाणे तोलून धरला, आणि तारांच्या ओढीस विरोध म्हणून एका जुन्या मोटारसायकलीच्या इंजिनातील झडपांच्या दोन स्प्रिंगा बसविल्या. तारांखाली घर्षण नको म्हणून घोडीवर फिरत्या रुळ्या घातल्या. दांडा केला तो सायकलच्या बैठकीमागच्या पिशवीला आधार देणाऱ्या सळईचा, आणि त्याच्या टोकास आईच्या विणकामाच्या सुईचा तुकडा!

गिटारीच्या पोटात काही पोकळ जागा त्यांनी हेतुपुरस्सर ठेविल्या. कर्ण्यातून निघालेला मोठा आवाज त्या पोकळीत शिरून तारांस पुन्हा थरथरवितो आणि स्वर मावळण्याऐवजी गात राहतो. तरफेच्या तारा ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांस या युक्तीतील मर्म लवकर ध्यानात येईल. तारांच्या कंपनाचे विजेत रूपांतर करणारी तीन वेटोळी मात्र पुढे विकत आणून बसविली. प्रत्येक वेटोळ्यास दोन-दोन कळी ठेविल्या, त्यामुळे एकाच वाद्यातून अनेक निरनिराळे आवाज काढण्याची सोय झाली. नखीऐवजी मे हे सहा पेन्सांचे जुने नाणे वापरतात. त्याच्या कडेवरील बारीक दात्यांमुळे स्वराला एक प्रकारची धार येते.

ही तांबड्या रंगाची गिटार 'रेड स्पेशल' या नावाने पुढे जगभर प्रसिद्धीस आली. क्वीनच्या बहुतेक सर्व ध्वनिमुद्रिकांत आणि हजारो श्रोत्यांच्या सभांत तीच वाजली. साठ वर्षे होऊन गेली तरी तिने त्यांची साथ सोडली नाही.

विद्यालय आणि आकाशातील धूळ

येथवर वडिलांची कुरकूर कोठेच नव्हती, हे वाचकांनी लक्षात ठेवावे. गिटार हा घरचाच उद्योग होता आणि मुलगा अभ्यासातही मागे नव्हता. हॅम्प्टनच्या ग्रामर स्कूलमधून तो १९६५ साली लंडनच्या सुप्रसिद्ध इंपीरियल कॉलेजात गेला व १९६८ साली पदार्थविज्ञानाची पदवी मानाने मिळवून बाहेर पडला. १९७० पासून त्याने तेथेच डॉक्टरेटसाठी संशोधन आरंभिले. विषय होता राशिचक्रीय प्रकाशाचा.

हा प्रकाश म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. सूर्यास्तानंतर संधिप्रकाश पुरता मावळला म्हणजे पश्चिमेस, किंवा पहाट होण्यापूर्वी पूर्वेस, निर्मळ अंधारात एक फिकट शंकूसारखा उजेड क्रांतिवृत्ताच्या रोखाने वर चढलेला दिसतो. अरबी व फारसी भाषांत यास 'खोटी पहाट' अशा अर्थाचे नाव आहे. ग्रहांच्या भ्रमणाच्या पातळीत सूर्याभोवती अत्यंत सूक्ष्म धूलिकण पसरलेले आहेत. धूमकेतूंपासून सुटलेले आणि लघुग्रहांच्या आपटण्याने निर्माण झालेले. त्यांवरून विखुरलेला सूर्यप्रकाश तो हा. आता हे कण स्थिर आहेत की फिरतात, आणि फिरत असल्यास कोणत्या दिशेने, असा प्रश्न होता. येणाऱ्या आगगाडीच्या शिटीचा स्वर चढा व जाणाऱ्या गाडीचा उतरता ऐकू येतो, हे सर्वांच्या अनुभवाचे आहे. प्रकाशाचेही तसेच होते. कण आपल्याकडे येत असतील तर त्यांच्या प्रकाशाच्या वर्णपटातील काळ्या रेषा एका बाजूस सरकतात, दूर जात असतील तर दुसऱ्या बाजूस. हे सरकणे फार थोडे असते. ते मोजण्याकरिता मे यांनी अटलांटिक महासागरातील टेनेरीफ बेटावरच्या वेधशाळेत रात्रीमागून रात्री वेध घेतले. त्यांच्या नावाचा समावेश असलेले दोन शोधनिबंध १९७२ व १९७४ साली नामांकित शास्त्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाले. स्वर किंचित चढला की उतरला हे ओळखण्यात ज्याचे बालपण गेले, त्याने आकाशातही तेच ओळखण्याचे काम पत्करावे, यात आम्हास मोठी सुसंगती वाटते.

पांचगणीचा विद्यार्थी

याच वर्षांत दुसरीकडे वाद्यवृंदही आकार घेत होता. १९६८ साली मे यांनी रॉजर टेलर या दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यास ढोल वाजविण्यासाठी बरोबर घेऊन एक लहानसा संच काढला होता. १९७० साली त्यात एक असामान्य गळ्याचा तरुण येऊन मिळाला. त्याचे नाव फारुख बलसारा. हा पारशी कुटुंबातला मुलगा १९४६ साली झांझिबार येथे जन्मला, परंतु त्याचे शालेय शिक्षण झाले ते आपल्या सातारा जिल्ह्यातील पांचगणी येथे, सेंट पीटर्स स्कूलच्या वसतिगृहात राहून. पियानोचे धडे त्याने तेथेच घेतले आणि शाळासोबत्यांबरोबर पहिला वाद्यवृंदही तेथेच काढला. हाच पुढे फ्रेडी मर्क्युरी या नावाने जगप्रसिद्ध झाला. ज्या घाटमाथ्यावर आपण उन्हाळ्याच्या सुटीत हवा खावयास जातो, तेथील एका शाळेच्या प्रार्थनांत व समारंभांत हा गळा प्रथम तयार झाला, हे आपल्यापैकी थोड्यांसच ठाऊक असते. १९७१ मध्ये जॉन डीकन हा विद्युत्‌शास्त्राचा विद्यार्थी येऊन मिळाला आणि क्वीनचा संच पुरा झाला. चौघेही उच्च शिक्षण घेतलेले किंवा घेत असलेले. रॉक संगीताच्या क्षेत्रात ही गोष्ट विरळाच.

अबोला

१९७३ साली त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. १९७४ साल उजाडले तेव्हा मे यांच्यासमोर दोन वाटा स्पष्ट उभ्या होत्या. प्रबंध बहुतांशी लिहून झाला होता. मार्गदर्शकांनी त्यात सुधारणा व भर घालण्यास सांगितले होते. मध्यंतरी चरितार्थासाठी लंडनमधील एका शाळेत ते गणितही शिकवीत होते. आणि इकडे वाद्यवृंदाला परदेशांतून बोलावणी येऊ लागली होती. मे यांनी प्रबंध बाजूस ठेविला व गिटार उचलली.

हॅरल्ड मे यांच्या मनास हे फार लागले. ज्या शिक्षणासाठी आपण आयुष्यभर काटकसर केली ते मुलाने गायन-वादनाच्या बेभरवशाच्या धंद्यापायी फेकून दिले, असे त्यांना वाटले. एक वर्षाहून अधिक काळ बापलेकांत जवळजवळ अबोलाच होता. ज्या हातांनी मुलाच्या हाती कानस दिली, ज्यांनी मुलाबरोबर दोन वर्षे त्या गिटारीची दांडी तासली, तेच हात आता पाठ फिरवून बसले! ही विसंगती वाटते खरी. परंतु विचार केला असता तीत विसंगती नाही. मुलाने वाद्य करावे, वाजवावे, त्यात रमावे, हे वडिलांस हवेच होते. त्या वाद्यावर पोट टाकावे हे त्यांस नको होते. आपल्याकडील किती वडिलांची समजूत याहून निराळी असते?

त्यांची भीती अगदीच निराधार होती असेही नव्हे. त्याच १९७४ साली अमेरिकेच्या दौऱ्यावर मे काविळीने आजारी पडून परत आले. पाठोपाठ जठरव्रणाने त्यांस रुग्णालयात पडून राहावे लागले, आणि आपल्या जागी दुसरा कोणी घेतला जाईल की काय अशी धास्ती त्यांस वाटू लागली होती. सोबत्यांनी मात्र त्यांची जागा राखून ठेविली.

१९७५ साली निघालेल्या 'अ नाइट ॲट द ऑपेरा' या संग्रहाने क्वीनचे नाव सर्वत्र झाले. त्यातील सुमारे सहा मिनिटांचे 'बोहीमियन ऱ्हॅप्सोडी' हे गीत मर्क्युरी यांचे. इंग्लंडात ते सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. परंतु आमचे लक्ष वेधले ते त्याच संग्रहातील मे यांच्या 'गुड कंपनी' या लहानशा गीताने. वडिलांनी मुलास केलेल्या उपदेशापासून त्या गीताचा आरंभ होतो, आणि वडिलांकडून शिकलेले ते युकुलेली-बँजो मे यांनी त्यात वाजविले आहे. अधिक भाष्य आम्ही करीत नाही.

पुढे न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन या विशाल सभागृहात क्वीनचा कार्यक्रम ठरला. मे यांनी आईवडिलांस त्यासाठी मुद्दाम लंडनहून कॉन्कॉर्ड विमानाने नेले. या विमानाच्या यंत्रसामग्रीचे काही काम हॅरल्ड यांच्या खात्यात झाले होते व त्यांचा त्यास हात लागला होता. परंतु त्यात बसण्याचा योग तोवर आलेला नव्हता. सहस्रावधी श्रोत्यांसमोर मुलगा ती घरची गिटार वाजवितो आहे हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. कार्यक्रम संपल्यावर, आता आपणास समजले, अशा अर्थाचे थोडेसे शब्द ते बोलले, आणि अबोला संपला.

पदार्थविज्ञानाचा वादनात उपयोग

शिक्षण खरोखर फुकट गेले होते काय? त्यांचे काम बारकाईने पाहिले असता तसे दिसत नाही. मे एकच गिटार पुनःपुन्हा, एकावर एक थर देऊन मुद्रित करीत, आणि अनेक वाद्यांचा मेळ एकट्याच्या हाताने उभा करीत. 'गुड कंपनी'त तर क्लॅरिनेट, ट्रंपेट इत्यादी फुंकीच्या वाद्यांचे आवाज त्यांनी गिटारीतूनच काढले आहेत. त्यासाठी जे लहान ध्वनिवर्धक यंत्र ते वापरीत ते जॉन डीकन यांनी कचऱ्यात सापडलेल्या भागांपासून जोडले होते. कृत्रिम स्वरयंत्र आम्ही वापरलेले नाही, असे क्वीनच्या आरंभीच्या संग्रहांवर मोठ्या अभिमानाने छापलेले असे.

दुसरे उदाहरण याहून मनोरंजक आहे. १९७७ साली स्टॅफर्ड येथे कार्यक्रम संपल्यावर श्रोत्यांनी आपण होऊन एकमुखाने गाण्यास सुरुवात केली. गर्दीत माणूस उभा असता त्यास काय काय करता येईल, असा विचार मे यांच्या मनात आला : पाय आपटता येतील, टाळी वाजविता येईल, गाता येईल. त्यातून 'वुई विल रॉक यू' हे गीत निघाले. दोनदा पाय आपटणे व एक टाळी, एवढाच त्याचा ठेका. मुद्रणासाठी मोजकीच माणसे फळ्यांवर उभी केली होती. परंतु ऐकणारास हजारोंचा समुदाय भासावा म्हणून त्या आवाजाच्या अनेक प्रती थोड्याथोड्या विलंबाने एकमेकींवर बसविल्या, आणि ते विलंब मूळ संख्यांच्या प्रमाणात ठेविले. दोन, तीन, पाच, सात अशा संख्यांस समान विभाजक नसतो; त्यामुळे प्रतिध्वनी एका ठरावीक अंतराने एकत्र येऊन कृत्रिम घुमणे उत्पन्न होत नाही. आज पृथ्वीवरील क्रीडांगणांत लहानथोर ज्या ठेक्यावर पाय आपटतात, त्याच्या मुळाशी अंकगणिताचा हा धडा आहे. शाळेत मूळ संख्या शिकताना 'याचा पुढे उपयोग काय?' असे विचारणाऱ्या विद्यार्थ्यांस हे उदाहरण खुशाल सांगावे.

पडता काळ

१३ जुलै १९८५ रोजी लंडनच्या वेंब्ली क्रीडांगणावर दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठी झालेल्या 'लाइव्ह एड' कार्यक्रमात क्वीनने अवघ्या वीस-बावीस मिनिटांत श्रोत्यांस जिंकले. त्यानंतर मात्र मे यांच्या आयुष्यात अंधार दाटू लागला. १९८८ साली हॅरल्ड मे वारले. त्याच सुमारास ब्रायन यांचा पहिला संसार मोडला. आणि जिवलग मित्र मर्क्युरी असाध्य रोगाने झिजत चालला होता. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याचे निधन झाले. मे खोल विषण्णतेत बुडाले, जीवनाचा शेवट करावा असेही विचार मनात येऊन गेले, हे त्यांनी स्वतःच मोकळेपणाने सांगितले आहे. वैद्यांची मदत घेऊन व काम करीत राहून ते त्यातून बाहेर आले. १९९२ मध्ये त्यांनी काढलेल्या स्वतंत्र संग्रहाच्या नावाचा अर्थच 'पुन्हा प्रकाशाकडे' असा आहे. मर्क्युरीच्या स्मरणार्थ एड्‌सविरोधी कार्यासाठी एक न्यासही सोबत्यांनी उभा केला.

३ जून २००२ रोजी राणी एलिझाबेथ यांच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवात बकिंगहॅम राजवाड्याच्या गच्चीवर उभे राहून मे यांनी राष्ट्रगीत वाजविले. मोडून टाकलेल्या शेकोटीचे लाकूड राजवाड्याच्या माथ्यावर पोहोचले!

अपुरा प्रबंध

इतके वैभव व कीर्ती लाभल्यावर तिशीच्या आत सोडलेल्या अभ्यासाची आठवण कोणास राहावी? मे यांस ती राहिली. आकाशाचा अभ्यास त्यांनी कधीच टाकला नव्हता. बालपणी ज्यांचा कार्यक्रम पाहिला त्या पॅट्रिक मूर यांच्याशी त्यांचा स्नेह जडला होता, आणि मूर व ख्रिस लिंटॉट यांच्यासह त्यांनी विश्वाच्या इतिहासावर लिहिलेले 'बँग!' हे पुस्तक २००६ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांनी इंपीरियल कॉलेजात पुन्हा विद्यार्थी म्हणून नाव नोंदविले. वय एकोणसाठ.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. हर्टफर्डशायर विद्यापीठाने २००२ सालीच त्यांस मानद डॉक्टरेट अर्पण केली होती. नावामागे 'डॉक्टर' लावावयाचे असते तर काम तेवढ्यावर भागले असते. परंतु मिळालेली पदवी निराळी आणि मिळविलेली पदवी निराळी. मायकल रोवन-रॉबिन्सन या प्राध्यापकांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी जुन्या वह्या काढल्या, १९७१-७२ मधील वेध पुन्हा तपासले, मधल्या तीन दशकांत या विषयावर जे जे लिहिले गेले होते ते वाचून काढले. यात दैवाचाही हात होता हे खरे. मधल्या काळात या विषयाकडे फार थोडे संशोधक वळले होते, त्यामुळे जुने वेध शिळे झाले नव्हते. आणि अन्य ताऱ्यांभोवतीही अशीच धूळ सापडू लागल्यामुळे विषयाला पुन्हा महत्त्व आले होते. पण दैव साह्य करते ते वह्या जपून ठेवणारालाच. ऑगस्ट २००७ मध्ये परीक्षकांसमोर तोंडी परीक्षा होऊन प्रबंध मान्य झाला. धूळ बहुतांशी ग्रहांच्याच दिशेने सूर्याभोवती फिरते, हे त्यातील मापनांनी दाखविले. मे २००८ मध्ये रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये इतर तरुण पदवीधरांबरोबर झगा घालून त्यांनी पदवी स्वीकारली. त्याच वर्षी ५२६६५ क्रमांकाच्या लघुग्रहास त्यांचे नाव देण्यात आले.

हा दिवस पाहावयास हॅरल्ड मे मात्र नव्हते. त्यांस जाऊन वीस वर्षे होत आली होती. मुलाच्या संगीताशी त्यांचा समेट झाला होता. परंतु ज्या गोष्टीसाठी ते रुसले होते ती पुरी झालेली त्यांस पाहता आली नाही.

पदवीनंतरही मे स्वस्थ बसले नाहीत. दोन डोळ्यांनी पाहिल्याप्रमाणे चित्रास खोली देणाऱ्या जोडचित्रांचा छंद त्यांस बालपणापासून होता. याच कौशल्याने त्यांनी प्लूटोकडे गेलेल्या यानाच्या छायाचित्रांची २०१५ साली जोडचित्रे केली. बेन्नू या लघुग्रहावर यानाने माती उचलण्यास कोठे उतरावे, हे ठरवितानाही त्यांच्या व क्लॉडिया मांझोनी यांच्या जोडचित्रांचे साह्य झाले. ती माती सप्टेंबर २०२३ मध्ये पृथ्वीवर सुखरूप पोहोचली. त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात राजे चार्ल्स यांच्या हस्ते त्यांस 'सर' हा किताब मिळाला. २०२० साली हृदयविकाराचा आणि २०२४ साली अर्धांगाचा सौम्य झटका येऊन गेला. काही दिवस डावा हात ऐकेनासा झाला होता, परंतु तो पुन्हा तारांवर फिरू लागला.

तात्पर्य

या चरित्रावरून कोणी असा निष्कर्ष काढील की, मुलाने अभ्यास सोडून गिटार घ्यावी म्हणजे तो कीर्तिमान होतो, तर तो निष्कर्ष चुकीचा होईल. ज्यांस अभ्यास झेपत नाही म्हणून जे वाद्याकडे वळतात त्यांनी मे यांचे नाव पुढे करू नये. त्यांनी पदवी मानाने घेतली होती, संशोधन छापून आणले होते, आणि जे सोडले ते हाती असलेले सोडले. उलटपक्षी, वडिलांची चिंता मूर्खपणाची होती असेही आम्ही म्हणणार नाही. ज्याने काटकसरीने मुलास शिकविले त्यास ते शिक्षण वाया जाताना पाहून दुःख होणारच.

परंतु वाचकांतील वडील मंडळींस एक सुचवावेसे वाटते. हॅरल्ड मे यांनी मुलास खरे शिक्षण कोठे दिले? पदवी कॉलेजाने दिली. पण न जमलेला नमुना मोडून दुसरा करावा, टाकाऊ वस्तूतून कामाची वस्तू काढावी, दोन-दोन वर्षे एकाच कामाला चिकटून राहावे, हा धडा घरातल्या त्या खोलीत मिळाला. आणि तोच पुढे गिटारीसही उपयोगी पडला व प्रबंधासही. ज्याला वडिलांनी असा हात लावला आहे तो मुलगा आपल्या समजुतीपेक्षा निराळ्या वाटेने गेला, तरी आपली शिकवण बरोबर घेऊनच गेलेला असतो. तेव्हा त्याच्याशी वाद घालावा, रागवावे, हवे तर कडक अटी घालाव्यात. बोलणे मात्र बंद करू नये. अबोल्यात गेलेले वर्ष कोणासच परत मिळत नाही.

आणि तरुण मंडळींस इतकेच की, काही कारणाने एखादा अभ्यास अर्धवट टाकावा लागला, तर त्याच्या वह्या रद्दीत घालू नयेत.